फाळक्याला फाळका

उस्तादांनी जन्मात कधी सायकलला गाडी म्हटलं नव्हतं. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे जिला निदान सहा चाकं असतात आणि जी सुरू केली की शेजारच्यांच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून सायकलवरून कपड्यांच्या कारखान्यात जायच्या. तिथे त्यांनी नोकरी संपेपर्यंत शर्टांच्या कॉलरी शिवल्या, आणि उस्ताद घरी असले की दारात उभं राहून रोज एकच विचारायचे, "निघालं का खेळणं?"

"खेळणं निदान जेवायच्या वेळेला घरी येतं," असं काकू पायडलवर पाय ठेवता ठेवता म्हणायच्या आणि निघून जायच्या. त्या दोघांच्या संसारातलं हे रोजचं बोलणं होतं. भांडण नव्हे, लाडही नव्हे. दोघांच्या मधलं काहीतरी.

म्हणून एका सकाळी चहा पिता पिता उस्ताद कपात बघत "मला ते शिकव" म्हणाले, तेव्हा काकूंना वाटलं, ते शिवणयंत्राबद्दल बोलतायत. म्हातारपणी काय काय सुचतं माणसाला.

"काय शिकवू?"

"ते तुझं. खेळणं."

सून ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलायला लागले. काकूंनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण त्यांच्याही ओठांना आवर राहिला नव्हता. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांना रोज तेल लावून घेणारा हा माणूस सायकलवर बसणार होता. मग उस्तादांनी कारण सांगितलं आणि दोघींचं हसू आपोआप थांबलं.

गावामागच्या डोंगरातून एक जुना रस्ता वर खिंडीपर्यंत जातो. खिंडीत हद्द. पलीकडे दुसरा देश. आता खालून बोगदा झालाय, सगळी वाहतूक त्यातून जाते आणि त्यासाठी एवढे कागद लागतात की साधा माणूस त्या वाटेला जात नाही. पण बोगदा नव्हता तेव्हा सगळा माल या खडीच्या रस्त्याने वर जायचा. इकडच्या ट्रकला तिकडे जायची परवानगी नव्हती, तिकडच्याला इकडे यायची नव्हती. मग खिंडीत हद्दीच्या रेषेवर दोन ट्रक पाठीला पाठ लावून उभे करायचे. दोघांचे मागचे फाळके आडवे पाडायचे, एकाचा दुसऱ्याला टेकवायचा आणि त्या फळ्यांवरून पोती, खोकी या गाडीतून त्या गाडीत सरकवायची. नियम दोनच: ड्रायव्हरच्या पायाला पलीकडची माती लागता कामा नये, आणि गाड्या लागल्या की माल उतरेपर्यंत फाटक पाडायचं नाही. ज्याचा त्याचा जोडीदार ठरलेला असायचा. उस्तादांचा जो जोडीदार होता त्याला ते 'पलीकडचा' म्हणायचे. सगळी नोकरी त्या माणसाच्या फाळक्याला फाळका लावण्यात गेली, पण नाव विचारायचं राहून गेलं. त्याची भाषा उस्तादांना येत नव्हती, उस्तादांची त्याला येत नव्हती. "मग बोलायचात काय?" असं काकूंनी लग्नानंतर लगेच विचारलं होतं. उस्ताद म्हणाले होते, "बोलायचं कशाला? पोतं दिसतं की."

तरीही घरात 'पलीकडचा' कायम असायचा. पलीकडच्याला मुलगी झाली. पलीकडच्याचे केस पांढरे व्हायला लागले. पलीकडचा आज गुरगुरत होता, बायकोशी वाजलं असणार. काकूंनी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण सख्ख्या दिरापेक्षा त्यांना त्याची जास्त माहिती होती.

मग एका वर्षी बर्फ लवकर पडला. त्याच्या आदल्या फेरीला उस्तादांच्या गाडीचं चाक खिंडीतच बसलं होतं आणि त्यांचा जॅक ऐनवेळी रुसला, म्हणून पलीकडच्याने आपला जॅक दिला. 'उद्या देतो' अशी हाताने खूण करून उस्ताद खाली आले. रात्रीत रस्ता बंद झाला. बर्फ वितळायच्या आत बोगदा सुरू झाला, आणि तो 'उद्या' काही उगवला नाही. जॅक मात्र त्यांच्या मागच्या खोलीत राहिला. उस्ताद दर वर्षी त्याला तेलपाणी करायचे, फडक्याने पुसायचे आणि पुन्हा जागेवर ठेवायचे. काकू झाडताना त्याला पाय लावायच्या नाहीत, हाताने उचलून बाजूला ठेवायच्या.

आता तो रस्ता सायकलवाल्यांचा झालाय. कठडे जागोजागी ढासळलेत, म्हणून मोटारीला बंदी. तोंडाशी मोठमोठे दगड टाकून ठेवलेत. वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्याआधी, दोन्हीकडच्या सायकलवाल्यांची फेरी निघते, आपापल्या बाजूने खिंडीपर्यंत. त्या दिवशी हद्दीवर नुसता दोर बांधतात. कागद नाहीत, झडती नाही. दोराच्या दोन्ही बाजूंनी लोक हात मिळवतात, आणि उन्हं कलली की पहारेकरी शिट्टी मारतो, फाटक बंद. बोगद्यातून जाणाऱ्या एका तरुण ड्रायव्हरने उस्तादांना निरोप आणला होता: पलीकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलंय, फेरीला वर येणार का. तो येतोय.

"चालत जाता येणार नाही," उस्ताद म्हणाले. "दिवस पुरायचा नाही. आणि पुढच्या वर्षी गुडघे कुठे असतील, मी कुठे असेन."

काकूंनी कप उचलला. "संध्याकाळी कारखान्याच्या मागच्या पटांगणात या," त्या म्हणाल्या. "आणि तो लेंगा नको. साखळीत अडकेल."

शिकवणं म्हणजे दिव्य होतं. लहानपणी चालवली होती म्हणे, पण पुढे सगळं आयुष्य ट्रकमध्ये गेलेलं. उस्ताद हँडल ट्रकच्या स्टिअरिंगसारखं फिरवायचे आणि सायकल बिचारी वळून स्वतःभोवतीच गोल. थांबायचं असलं की डावा पाय क्लच शोधायचा. निघण्याआधी ते दोन्ही टायरांना लाथ मारून बघत, भोवती फेरी मारत, मागेपुढे कोणी नाही ना बघत, आणि रिकाम्या पटांगणात हात बाहेर काढून वळणाचा इशारा देत. एकदा पडले. पुन्हा पडले. काकूंनी हात दिला नाही. कारखान्यात नवीन मुलींनाही त्या सुई बोटात गेली तरी हात लावत नसत. आपलं बोट आपणच सोडवायचं. पण मनातून त्यांना या माणसाचं कौतुक वाटत होतं. गल्लीतली पोरं भिंतीवर बसून हसत असताना, एवढा मोठा उस्ताद, ज्याच्या हाताखाली अर्ध्या गावाने गाडी शिकली, तो निमूटपणे बायकोला विचारत होता, "आता बघायचं कुठे? चाकाकडे की पुढे?"

"पुढे. चाक कुठे पळून जात नाही."

सुनेने दोन जाड टायरांच्या, गिअरच्या जुन्या सायकली मिळवल्या. काकूंनी आपल्या जुन्या सायकलीचं कॅरिअर आणि मडगार्ड काढून नवीला बसवून घेतलं. सुनेची ट्रॅकपँटही घातली आणि गल्लीत कोणी काही बोलेल म्हणून सगळ्यांकडे आधीच रोखून बघितलं. उस्तादांनी हँडलला रबरी फुग्याचा भोंपू लावला. वळणावर हॉर्न नाही म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. तिथे मोटार नाही, ट्रक नाही, कोणाला वाजवणार, असं काकूंनी विचारून पाहिलं. "वळणाला," ते म्हणाले.

राहिला जॅक. तो उस्तादांच्या सायकलीवर बांधला की सायकल झिंगल्यासारखी चालायची. शेवटी काकूंनीच तो आपल्या कॅरिअरवर घेतला. "बायकोच्या पाठीवर लोखंड देऊन निघालेत मित्राला भेटायला," त्या सुनेला म्हणाल्या. पण दोर त्यांनी स्वतः आवळला आणि जॅकखाली जुन्या चादरीची घडी ठेवली, खडखडू नये म्हणून.

फेरीच्या सकाळी काकूंनी दोन्ही सायकलींच्या टायरांमधली थोडी हवा सोडली. खडीवर टायर जरा मऊच हवं, म्हणजे ते दगडाला धरून चालतं. कडक टायर उडतं. हे ऐकून उस्तादांचा चेहरा असा झाला, की जणू कोणी देवाला शिवी दिली. मालाची गाडी कडक हवेवर चालते, हे त्यांच्या रक्तात होतं. पुढे ते एकदा पंप घेऊन घरामागे गेले होते, हे काकूंना नंतर कळायचं होतं.

दगडांचा अडथळा ओलांडला आणि पहिल्याच वळणानंतर बोगद्याची घरघर एकदम बंद झाली. कोणीतरी जाड दार लावून घ्यावं तशी. मग फक्त चाकांखालची खडी. तिचा आवाज काकूंना ओळखीचा वाटला. कारखान्यातली सगळी यंत्रं दूरच्या दालनात एकाच वेळी चालू असली की असाच चुरचुर आवाज यायचा.

काकूंनी हा रस्ता कधी पाहिला नव्हता. त्या काळी बायकांना ट्रकमध्ये बसवून खिंडीत न्यायची सोय नव्हती, आणि नंतर राहून गेलं. पण रस्त्याची धूळ त्यांनी वर्षानुवर्षं धुतली होती. उस्तादांचा शर्ट बादलीत टाकला की आधी पाणी तांबूस व्हायचं. कधी नुसतं तांबूसच राहायचं. मग काकू समजायच्या, आज गाडी अर्ध्यातूनच परत आली, वर काहीतरी बिघडलंय. तांबूस पाण्याखालून करडा गाळ निघाला, की समजायचं, खिंड गाठली. उस्ताद काही सांगायचे नाहीत. कसा होता रस्ता, असं विचारलं की "बरा होता" एवढंच. सांगायची ती बादली.

आता त्या तांबड्या खडीवरून चालल्या होत्या. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला दरी, आणि मध्ये एक ट्रक जेमतेम मावेल एवढा रस्ता. कठड्याचे दगड कोणीतरी चुन्याशिवाय नुसते एकात एक बसवले होते, काही ठिकाणी ते खाली गेले होते, आणि तिथे रस्त्याची कड नुसती हवेत संपत होती. काकू त्या कडेकडे बघायच्या आणि मग पुढे हळूहळू पायडल मारणाऱ्या पाठीकडे. ही पाठ भरलेला ट्रक घेऊन, धुक्यात, बर्फाच्या चिखलात इथून गेली होती. आणि घरी येऊन म्हणाली होती, बरा होता. काकूंना भीती वाटली. इतक्या वर्षांनी, उगाच, सगळं होऊन गेल्यावर.

शहरातले सायकलवाले अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांत सपासप पुढे जात होते. एक पोरगी जाता जाता "मस्त चाललंय आजोबा" म्हणाली. उस्तादांनी उत्तर म्हणून भोंपू वाजवला. दोन आखूड, एक लांब. प्रत्येक आंधळ्या वळणावर तेच: पों पों, पोंऽऽऽ. डोंगर तो आवाज घ्यायचा, फिरवायचा आणि परत द्यायचा.

एका वळणाआधी रस्ता थोडा रुंद होता, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला. उस्ताद तिथे शिरले, पाय टेकला आणि थांबले. काकूही थांबल्या. दमले असतील, असं वाटलं. पण ते दमले नव्हते. मान तिरकी करून ऐकत होते.

"अहो, काय झालं?"

"इथे नेहमी एक भरलेली गाडी उतरत असायची," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "खाली पाणी वाहतंय गं. झरा आहे इथे."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"इंजिन चालू असायचं ना."

तो झरा ऐकत ते दोघे तिथे उभे राहिले. येणार नसलेल्या गाडीला वाट देऊन झाली, तेव्हा उस्तादांनी मागे-पुढे बघितलं, हात बाहेर काढला आणि पुन्हा रस्त्याला लागले.

खडी तांबडीची करडी कुठे होते ती जागा काकूंनी आधी ओळखली. एका वळणाच्या अलीकडे तांबडी, पलीकडे करडी, मध्ये रेघ मारल्यासारखी. "इथून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांना त्या रेघेवर हात फिरवून बघावासा वाटला. तेवढ्यात रस्ता एका ओढ्याकडे थोडा उतरला, आणि उस्ताद पुढे निघाले.

हा उतार त्यांच्या सगळ्यात ओळखीचा. रस्ता इथे जरा रुंद होता आणि ट्रकची चाकं दरीच्या बाजूने जायची, कारण तिकडची खडी दबून दबून सिमेंटसारखी झाली होती. उस्ताद डोळे मिटल्यासारखे तिकडेच गेले. पण ट्रक बंद होऊन किती पावसाळे गेले होते. आता सायकलींची वाट आतल्या बाजूला पडली होती आणि ट्रकची जुनी चाकोरी सुट्या गोट्यांनी भरली होती. काकू मागून ओरडल्याही, "आतून घ्या, आतून." सायकल एकदा डावीकडे नाचली, एकदा उजवीकडे, आणि मग उस्ताद आणि सायकल दोघेही कठड्याच्या दगडांना जाऊन टेकले.

कठडा तिथे शाबूत होता. नशीब म्हणायचं.

काकू पोचल्या तोवर ते उठून बसले होते. गुडघा सोललेला, तळहात सोललेला, बाकी माणूस धड. पुढचं चाक मात्र वाकून पापडासारखं झालं होतं. सायकल ढकलता आली असती, चालवता आली नसती. काकूंनी पाण्याने गुडघा धुतला, रुमाल बांधला. मग सहज म्हणून मागच्या टायरला अंगठा लावून पाहिला. दगड. त्यांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद समोरच्या शिखराकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"छान भरलीत हवा," काकू म्हणाल्या.

उस्तादांच्या चेहऱ्यावरचा सगळा उस्तादपणा उतरला होता. उन्हं माथ्यावरून सरकायला लागली होती. अजून बरीच वळणं शिल्लक होती, आणि वाकलेली सायकल ढकलत, लंगडत, शिट्टीच्या आत वर पोचणं कठीण होतं. परत फिरलं तर पलीकडचा दोराशी उभा राहून राहून जाणार. दुसऱ्यांदा.

"तू जा पुढे," उस्ताद म्हणाले. "जॅक तुझ्याकडेच आहे. थांबव त्याला."

"तुम्हाला असं टाकून?"

"मी येतोय. चालायला काय झालंय? पण त्याला थांबव. मी येतोय म्हणावं."

"मी ओळखू कशी? जन्मात पाहिला नाही."

उस्तादांनी विचार केला. त्यांनी पलीकडच्याचं वर्णन करायचा प्रयत्न केला, पण ते सगळं जुनं निघालं. काळ्या मिशा, रुंद खांदे. म्हातारपणी या गोष्टी जागेवर थोड्याच राहतात. "कळेल तुला," ते शेवटी म्हणाले. "तो चुकायचा नाही."

काकू निघाल्या. आणि खरं सांगायचं तर त्या जशा निघाल्या, तशा आयुष्यात कधी चालवत गेल्या नसतील. कारखान्याची वाट सपाट होती, तिला घाई कसली ती माहीत नव्हती. मागे लोखंड, पुढे चढ, चाकाखाली करडी खडी. पण टायर मऊ होतं आणि दगडाला धरून चालत होतं. रंगीत कपड्यांतली दोन माणसं सायकली हातात घेऊन चालत होती, काकू त्यांच्या बाजूने गेल्या. कोणीतरी "आजी" म्हणून कौतुकाने काहीतरी बोललं. त्यांनी ऐकून घेतलं नाही. छातीचा भाता झाला होता. खालून, एकेका वळणावरून, अधूनमधून पों पों ऐकू येत होतं. मग तेही लांब गेलं.

खिंडीत वारा होता आणि माणसं होती. एक बसकं दगडी घर, एक फाटक, आणि फाटकाच्या मध्ये कमरेएवढ्या उंचीवर बांधलेला पांढरा दोर. दोन्ही बाजूंनी सायकली दोराकडे तोंड करून आडव्या-उभ्या टाकलेल्या. लोक फोटो काढत होते, हात मिळवत होते, हळूहळू परत फिरत होते. पलीकडे म्हातारी माणसंही बरीच होती. कोण कोणाचा? काकूंनी एकेक चेहरा पाहिला आणि त्यांना रडू यायला लागलं.

मग त्यांना एक सायकल दिसली. सगळ्या सायकलींची तोंडं हद्दीकडे होती. या एकीची पाठ हद्दीकडे होती. मागचं चाक दोराला अगदी टेकवून, सरळ रेषेत, पुढच्या चाकाला दगड लावून ती उभी केली होती. कॅरिअरवर एक छोटं पोतं. आणि बाजूला एक बारीक, वाकलेला, मिशा साफ काढलेला म्हातारा हात मागे बांधून उभा होता. आणि इकडच्या रस्त्याच्या शेवटच्या वळणाकडे बघत होता.

बोलून काय उपयोग. काकूंनी आपली सायकल दोरापाशी आणली, वळवून तोंड घराकडे केलं आणि उलटी ढकलायला लागल्या. उलटी सायकल ढकलणं अवघड. हँडल भलतीकडे वळतं. पाठीमागून एक घोगरा आवाज आला, त्यांच्याच भाषेत, पण मोडकातोडका, कुठल्या तरी खोल कप्प्यातून काढल्यासारखा:

"येऊ दे. येऊ दे. डावी मार. येऊ दे."

काकूंनी डावी मारली.

"येऊ दे, येऊ दे. बस."

मडगार्डला मडगार्ड टेकलं. इतक्या वर्षांत उस्तादांकडून तो एवढंच शिकला होता.

त्याने काकूंकडे पाहिलं, जॅककडे पाहिलं, आणि मग जॅककडेच बघत राहिला. काकूंनी खाली रस्त्याकडे बोट दाखवलं, दोन बोटं लंगडी चालवून दाखवली, गुडघ्यावर हात ठेवला. तो समजला. अगदी सगळं समजला असावा, कारण त्याने ओठ आत घेऊन हसू दाबलं.

तेवढ्यात शिट्टी झाली.

इकडचा पहारेकरी दोर सोडायला आला. सगळ्यांनी मागे व्हा, फाटक बंद होतंय. पन्नाशीचा असेल, चेहऱ्याने वाईट नव्हता. काकू सायकलीला धरून उभ्या राहिल्या.

"गाड्या लागल्यात," त्या म्हणाल्या. "माल उतरल्याशिवाय फाटक पडत नाही."

पहारेकरी थांबला. "आजी, तो नियम ट्रकला होता."

"नियमात ट्रक लिहिलं होतं की गाडी?"

त्याने दोराच्या त्या बाजूच्या पहारेकऱ्याकडे पाहिलं, त्या पहारेकऱ्याने याच्याकडे. दोघांनी मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं. कोणाचा खोळंबा होत होता? "बरं," तो म्हणाला. "माल उतरवा. लवकर."

पलीकडच्याला शब्द कळले नसतील, पण असल्या वादाची चाल त्याला जन्मभर ठाऊक होती. त्याने पोत्याचं तोंड सोडलं. आत सफरचंदं होती. त्यातलं एक त्याने काढलं, बाहीला पुसलं, सगळ्या बाजूंनी नीट तपासलं आणि दोरावरून काकूंच्या हातात दिलं. काकूंनीही ते तपासलं, डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. सरकारी तपासणीलाही इतका वेळ कोणी लावला नसेल. आजूबाजूची माणसं थांबली. कोणी हसायला लागलं, मग हसणारे गप्प झाले आणि बघत राहिले. पोतं लहान होतं. ते संपत आलं. खालून अजून काही ऐकू येत नव्हतं.

पोत्यात एकच उरलं, तेव्हा त्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पिशवीतलं पहिलं सफरचंद काढलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"हे काय?" पहारेकरी म्हणाला.

"माल पसंत नाही. परत पाठवतेय."

पहारेकऱ्याने कपाळाला हात लावला. पण तो कठड्यावर बसला आणि दोराचं टोक त्याने मांडीवर घेतलं. बसलेल्या माणसाला घाई नसते, हे काकूंना माहीत होतं.

अर्धं पोतं पुन्हा भरलं असेल, तेव्हा पलीकडच्याचा हात हवेतच थांबला. काकूंना आधी काही ऐकू आलं नाही, नुसता वारा. मग आलं. फार खालून, डोंगराने दोनदा फिरवून दिलेलं. दोन आखूड, एक लांब.

पूर्वी खिंडीत इंजिनांच्या गदारोळात तो हॉर्न कोणाला वेगळा ऐकू आला नसता. आता सबंध डोंगरात तेवढा एकच आवाज होता. गप्प. मग पुढचं वळण, थोडं जवळ. पुन्हा गप्प. सगळे उभे राहून वळणं ऐकत होते. पहारेकरीही मान वर करून ऐकत होता. काकूंना वाटलं, आता आपण या माणसाला कधी, कशावरूनही हसायचं नाही. उद्या सकाळपर्यंत तरी नाही.

शेवटच्या वळणावर उस्ताद दिसले. गुडघ्याला रुमाल, शर्टावर करडी धूळ, वाकलेलं चाक उचलून धरलेलं. त्यांनी दोर पाहिला, दोराला लागलेल्या दोन गाड्या पाहिल्या, त्यामागचा माणूस पाहिला. धावले नाहीत, हाक मारली नाही. काकूंनी आपली सायकल बाजूला घेतली. उस्तादांनी मोडकी सायकल तिथेच वळवली, मागे मान केली आणि उलटं यायला सुरुवात केली.

"येऊ दे," पलीकडचा म्हणाला. "येऊ दे. येऊ दे."

चाकाला चाक टेकलं तरी 'बस' म्हणायला त्याला जमेना. उस्तादच म्हणाले. मग दोराच्या दोन्ही बाजूंनी दोघे म्हातारे एकमेकांचे दंड धरून उभे राहिले, पोतं तोलल्यासारखे. ड्रायव्हरच्या पायाला पलीकडची माती लागता कामा नये; ती लागली नाही.

जाताना उस्तादांनी जॅक दोरावरून त्याच्या हातात दिला. पलीकडच्याने तो फिरवून पाहिला, स्क्रू चालवून पाहिला, तेल बोटाला लावून हुंगलं. मान डोलावली. आणि मग दोरावरून वाकून काकूंच्या कॅरिअरवर चादरीच्या घडीवर तो परत ठेवला, दोर ट्रकवाल्यांच्या गाठीने करकचून आवळला आणि हाताने खूण केली. ती खूण काकूंनी कधी पाहिली नव्हती, पण ओळखली. उद्या दे.

"म्हणजे हे लोखंड मी परत खाली न्यायचं?" काकू म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर?"

"तुझ्या गाडीवर नीट बसतं ते," उस्ताद म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. उस्तादांना स्वतःला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. ते पलीकडच्या दिशेने हात हलवत होते.

फाटक पडलं. उतारावर काकू उस्तादांच्या चालीने, ब्रेक धरून, हळूहळू आल्या. रात्री त्यांनी तो शर्ट बादलीत टाकला. पाणी आधी तांबूस झालं, मग खालून करडा गाळ निघाला. त्यांनी शेजारच्या बादलीत आपली ट्रॅकपँट टाकली आणि वाकून पाणी बघत राहिल्या.